एका तिकिटावर मडगाव ते नेपानगर आणि परत

परदेशस्थ प्रवाशांसाठी असलेला रेल्वेचा ‘इंडरेल’ पास आता बंद झाला आहे. उन्हाळ्यात एकट्याने भटकंतीस निघणाऱ्यासाठी त्याच्या सर्वांत जवळचे साधन म्हणजे ‘सर्क्युलर जर्नी’ तिकीट. जेथून निघायचे तेथेच परतायचे आणि वाटेत जास्तीत जास्त आठ मुक्काम करायचे. अंतर वाढते तसा किलोमीटरमागील दर घटत असल्याने सुट्या तिकिटांपेक्षा ते सहसा स्वस्त पडते.

मडगावहून लोंढा, पुणे, मनमाड, भुसावळमार्गे नेपानगर. पुढे खंडवा, इटारसी, भोपाळ, उज्जैन, रतलाम, बडोदा, वसई, पनवेल आणि तेथून कोकण रेल्वेने परत, असे वर्तुळ जुळते. नेपानगर हे वृत्तपत्री कागदाचे गाव. तेथील कारखाना १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी राष्ट्रास अर्पण केला. सर्वच गाड्या तेथे थांबत नाहीत, त्यामुळे वेळापत्रक पाहून प्रसंगी बऱ्हाणपूर वा खंडव्यास उतरावे.

मार्ग ठरवून स्थानकावर लेखी अर्ज करावा लागतो. मात्र या तिकिटाने आसन मिळत नाही, आणि मे महिन्यात खरी अडचण तीच असते. प्रत्येक टप्प्याचे आरक्षण स्वतंत्रपणे करावे लागते व ते प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. अर्ज त्याहूनही आधी दिलेला बरा.