माथेरानचा रस्ता : एका थंड हवेच्या ठिकाणाच्या व्यवस्थापनाचा इतिहास

पर्यटनस्थळाचे व्यवस्थापन म्हटले की शासन, स्थानिक संस्था, व्यावसायिक व पर्यटक या घटकांच्या समन्वयाची चर्चा होते. हा समन्वय प्रत्यक्षात कोणत्या प्रश्नाभोवती घडतो अथवा बिघडतो, याकडे मात्र अभ्यासकांचे दुर्लक्ष होते. रायगड जिल्ह्यातील माथेरानपुरते पाहिले, तर तो प्रश्न रस्त्याचा आहे. दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंतच्या सुमारे तीन किलोमीटर वाटेवर माणसे व माल कोणी, कशाने न्यायचा, या एका प्रश्नात या गिरिस्थानाच्या कारभाराचा बहुतेक इतिहास सामावलेला आहे.

१८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गावातून या डोंगरावर चढले आणि पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या आश्रयाने येथे वसाहत उभी राहिली. ‘शोध’ हा शब्द या संदर्भात रूढ असला तरी तो जपून वापरावा लागतो. डोंगरावरील वाटा धनगर, ठाकूर व कातकरी यांच्या पायाखालच्याच होत्या. नव्या वसाहतीत हेच डोंगरी लोक आणि घाटावरून व कोकणातून आलेले मजूर ओझी, पालख्या व तट्टे घेऊन उभे राहिले. म्हणजे वाहतूक हाच येथील गरिबांचा पहिला व्यवसाय ठरला.

आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने बांधलेली नेरळ-माथेरान ही दोन फूट रुंदीची रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. त्याआधी दोन वर्षे, १९०५ मध्ये, नगरपालिका स्थापन झाली होती. एकाच दशकात दोन सत्ताकेंद्रे निर्माण झाली, परंतु त्यांचा परस्परांवर अधिकार नव्हता. याचे परिणाम आजही दिसतात. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत लोहमार्ग वाहून गेला आणि गाडी पुन्हा धावायला २००७ उजाडले. २०१६ मध्ये डबे घसरल्याने सेवा थांबली, २०१९ च्या पावसानंतर पुन्हा थांबली व नेरळपासूनची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ववत झाली. गाडी बंद राहिल्याचा तोटा गावाने सोसला. ती केव्हा सुरू करायची हे ठरविणे नगरपरिषदेच्या हाती नव्हते.

मोटारींना मज्जाव ही माथेरानची ओळख. या परंपरेला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने कायद्याचे बळ दिले. माथेरान व भोवतालचा सुमारे २१४ चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, रुग्णवाहिका व अग्निशामक गाड्या वगळता नगरपरिषदेच्या हद्दीत वाहनांना बंदी झाली आणि देखरेखीसाठी संनियंत्रण समितीची तरतूद झाली. निसर्गाच्या दृष्टीने हा निर्णय अत्यंत मोलाचा होता, यात शंका नाही. तथापि वाहन नको म्हटल्यावर ओझे नाहीसे होत नाही, ते कोणाच्या तरी अंगावर येते. येथे ते घोड्यांवर आले आणि माणसांवर आले. आजारी, वृद्ध पर्यटकाला अथवा सामानाला हातरिक्षात बसवून एकाने पुढून ओढायचे व इतरांनी चढावर मागून रेटायचे, ही रीत एकविसाव्या शतकात चालू राहिली. परवानाधारक हातरिक्षांची संख्या अवघी ९४. समितीच्या कागदांत हा गट दीर्घकाळ जवळपास अदृश्यच होता. पर्यावरणरक्षणाची किंमत सर्वांत दुर्बळ घटकाने भरली, असेच म्हणावे लागते.

या गटाने न्यायालयाचा मार्ग धरला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षांच्या प्रायोगिक वापराला अनुमती दिली. पुढे हा आकडा २० पुरता मर्यादित राहिला आणि त्या मूळ हातरिक्षाचालकांनाच द्याव्यात, असा आग्रह न्यायालयाने धरला. अश्वपालकांनी विरोध केला. त्यांच्या विरोधाला केवळ स्वार्थ म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल, कारण शेकडो घोड्यांवर पोसलेली कुटुंबे याच वाटेवर जगतात. क्ले पेव्हर ब्लॉकचा वादही त्यातूनच पेटला. लाल मातीचा रस्ता घोड्यांना सोयीचा, फरसबंद रस्ता चाकांना. पर्यावरणप्रेमींना फरसबंदीत पुढील मोटारींची चाहूल लागत होती. पावसात माती वाहून जाते, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणेही खोटे नव्हते. मार्च २०२५ मध्ये दस्तुरीवर पर्यटकांची दिशाभूल व लूट होत असल्याच्या तक्रारींवरून गावाने बंदही पाळला. त्या वेळी व्यापारी व हॉटेलचालक एका बाजूला आणि नाक्यावर पर्यटकांना गाठणारे दुसऱ्या बाजूला, अशी फूट उघड झाली.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेला विसंगत ठरवून ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर शासनाने ई-रिक्षा विकत घेऊन त्या खऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात आणि निधीची सबब सांगू नये, असेही बजावले. पेव्हर ब्लॉक दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यापुरते मान्य झाले. आतील रस्ते व पायवाटा त्यातून वगळल्या गेल्या. खरे हातरिक्षाचालक कोण, हे निश्चित करण्याचे काम माथेरानच्या समितीवर सोपविण्यात आले. ज्यांची नावे इतकी वर्षे तिच्या कागदांत फारशी उमटली नव्हती, त्यांचीच यादी करण्याची जबाबदारी अशा रीतीने तिच्याकडे आली.