काडतुसांची अचूकता-चाचणी

काडतुसांची अचूकता-चाचणी : एकाच नळीतून, एकाच नेमावर, एकाच लॉटमधली काडतुसे झाडली तर गोळ्या कागदावर किती जवळजवळ पडतात हे मोजण्याची पद्धत. नेम बरोबर लागणे ही वेगळी गोष्ट. सगळ्या गोळ्या मधल्या काळ्या ठिपक्यापासून वीतभर डावीकडे, पण रुपयाएवढ्या जागेत पडल्या, तर काडतूस उत्तम आहे, नळीच्या टोकावरची नेमाची माशी सरकवायची राहिली आहे एवढेच. चारी दिशांना विखुरल्या, तर माशी कितीही सरकवली तरी उपयोग नाही. गोळ्यांच्या पुंजक्याला सगळेच ‘ग्रुप’ म्हणतात आणि चाचणी त्याची असते.

मोजमाप कोनात सांगतात. पंचांगात एका अंशाच्या साठ कला असतात, त्यातली एक कला हेच इथले ‘मिनिट’. १०० मीटरवर एक कला म्हणजे सुमारे २.९ सेंटिमीटर, ५० मीटरवर त्याच्या निम्मी.

खडकीची परंपरा : पुण्याहून मुंबई रस्त्याने जाताना हॅरिस पुलावर मुळा ओलांडली की दापोडी, म्हणजे पिंपरी-चिंचवडची हद्द. पुलाच्या अलीकडच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती १९५४ मध्ये, चाकणला मोटारी त्याच्याही पुष्कळ नंतर आल्या. गेज लावून माल पास करायचा किंवा रिजेक्ट करायचा, ही या पट्ट्याची सवय त्यांच्याहून ८५ वर्षे तरी जुनी आहे. कारखान्याच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरे असत. किर्की फॅक्टरी, म्हणजे खडकीच्या नावाचे इंग्रजांनी केलेले रूप. जगभरचे जुनी काडतुसे जमवणारे ही दोन अक्षरे ओळखतात. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा खडकी, देहूरोड आणि जळगाव जिल्ह्यातले वरणगाव हे कारखाने म्युनिशन्स इंडिया या पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीकडे गेले. रायफली बनवणारा इच्छापूरचा कारखाना दुसऱ्याच कंपनीत गेला. काडतूस एका घरचे, नळी दुसऱ्या घरची. पत्रिका जुळवण्याचे काम शेवटी बंदूकवाल्याकडेच येते.

काडतुसाचे पितळ ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्ताचे असते. चकतीची वाटी, वाटीची नळकांडी, मध्येमध्ये भट्टीत तापवून मऊ करणे, पुन्हा ओढणे. भोसरीतल्या कोणत्याही प्रेस शॉपच्या माणसाला हे काम पाहताक्षणी समजेल. रनआउटही त्याला समजावून सांगावे लागणार नाही. केस फिरवून गोळीच्या टोकाला डायल लावला आणि काटा हलला, तर गोळी तिरकी बसली आहे. तिरकी बसलेली गोळी नळीत तिरकीच शिरते आणि बाहेर पडताना ते वाकडेपण कागदावर लिहून जाते.

कारखान्यातली चाचणी : झाडलेले काडतूस परत विकता येत नाही, त्यामुळे शितावरून भाताची परीक्षा करण्याखेरीज इलाज नसतो. एका लॉटमधून ठरावीक नमुने काढतात. परीक्षा खरी ठरायची तर भात सारखा शिजलेला हवा, म्हणूनच दारूच्या वेगवेगळ्या खेपा एकत्र मिसळून एकजीव करण्याला इतके महत्त्व असते. नमुने माणसाच्या खांद्यावरून झाडत नाहीत. जाड भिंतीची, खास अचूकतेसाठी राखलेली नळी जड बैठकीत बसवतात, म्हणजे हात, श्वास, डोळा हे सगळे हिशेबातून बाद होतात. अमेरिकेतल्या फ्रँकलिन मान या डॉक्टरने वर्षानुवर्षे अशाच बांधलेल्या नळ्यांतून गोळ्या झाडून १९०९ मध्ये एक जाडजूड पुस्तक काढले. तसल्या नळीला अजूनही त्याचे नाव आहे.

वेग मोजण्यासाठी गोळी ठरावीक अंतरावरच्या दोन पडद्यांतून जाते आणि मधला वेळ नोंदवला जातो. दाब मोजण्याची जुनी रीत अधिक गमतीची. नळीला भोक पाडून त्यात दट्ट्या बसवायचा, दट्ट्यावर तांब्याचे छोटे नळकांडे ठेवायचे, बार झाला की ते किती चेपले ते मायक्रोमीटरने पाहायचे. आता तिथे विद्युत संवेदक असतो. दारू उन्हात तापली की जास्त जोराने जळते. त्यामुळे नमुने गरम आणि थंड करूनही झाडावे लागतात.

ग्रुप मोजायचा कसा, यावर एकमत नाही. शिकारी सर्वांत लांबच्या दोन भोकांमधले अंतर घेतो. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्निअर लावायचा आणि एका गोळीचा व्यास वजा करायचा. ब्रिटिश लष्करी पद्धतीत सर्व भोकांचा मध्य काढून तिथपासूनच्या अंतरांची सरासरी घेत. दुसरी रीत शहाणपणाची, कारण पहिल्या रीतीत दहांपैकी आठ गोळ्या काय सांगतात ते कुणी ऐकतच नाही.

पावसाळी चीर : भारतातल्या ब्रिटिश फौजांची काडतुसे पावसाळाभर तबेल्यात ठेवली की कोरड्या ऋतूपर्यंत त्यांच्या मानेला चिरा पडलेल्या दिसत. दोष हवेचा मानला गेला आणि धातुशास्त्रात या रोगाचे नावच ‘सीझन क्रॅकिंग’ पडले. खरे कारण १९२१ मध्ये पुढे आले. घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत पितळावर बसतो आणि ओढकामात पितळात कोंडून राहिलेला ताण तिथे चीर पाडतो. उपाय सोपा निघाला, ओढून झाल्यावर पितळ थोडे तापवून ताण सोडवायचा. चिरलेल्या मानेत गोळीची पकड सैल होते, म्हणून जुन्या पेटीतले काडतूस मोजपट्टीआधी नखाने तपासावे. मान हिरवी पडलेली किंवा चिरलेली असेल तर ते बाजूला ठेवावे.

.३१५ : परवानाधारक नागरिकाच्या हाती भारतात जी रायफल बहुधा दिसते ती .३१५. ब्रिटिश काळात फौजेची .३०३ नागरिकाला बंद ठेवली गेली, कारण फौजेतून चोरलेले काडतूस बाहेरच्या बंदुकीत चालू नये. तेव्हा ऑस्ट्रियाचे जुने ८ मिलिमीटरचे लष्करी काडतूस शिकारीसाठी घेतले गेले आणि फौजेच्याच ली-एन्फील्ड रायफलीच्या सांगाड्यावर त्याची रायफल बसवली. गोळी २४४ ग्रेन, म्हणजे जवळपास १६ ग्रॅमची, टोक उघड्या शिशाचे. .३०३ ची लष्करी गोळी १७४ ग्रेनची असे. शिशाचे टोक अंगात शिरल्यावर पसरते. फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने मनाई केली. शिकारीत त्याच फुलण्याला दयेचा भाग मानतात, कारण जनावर लवकर पडते.

.३१५ ची गोळी सेकंदाला सुमारे ६०० मीटरने निघते. १०० मीटरला ती नळीच्या रेषेखाली १५ सेंटिमीटरच्या आसपास उतरते. काडतुसांच्या वेगात १० मीटरचा फरक पडला तर या उतारात अर्धा सेंटिमीटर बदलतो. म्हणजे जवळच्या अंतरावर वेगाच्या बारीक फरकाची चिंता करण्यात अर्थ नाही.

घरची चाचणी : कारखान्याच्या नळीत पास झालेला लॉट आपल्या रायफलीत तसाच चालेल याची हमी नसते. प्रत्येक नळीची आवड वेगळी. अमेरिकेतला डुकरांचा शिकारी चार जातींची काडतुसे आणतो, डब्याच्या डबे झाडतो आणि ठरवतो. इथे परवान्यावर लिहिलेल्या संख्येपुरतीच काडतुसे मिळतात, त्यांचा हिशेब ठेवावा लागतो आणि मोठ्या बोअरसाठी मान्य रेंज सहज सापडत नाही. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलातली रेंज १०, २५ आणि ५० मीटरच्या ऑलिंपिक प्रकारांसाठी आहे. शेतात, खाणीत किंवा गायरानात कागद टांगून बार काढणे गुन्हा ठरू शकते.

म्हणून लोक तीन गोळ्या झाडून समाधान मानतात. तीन गोळ्या फसव्या असतात. त्याच रायफलीत त्याच लॉटचे दहा गोळ्यांचे ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने दीडपटीहून थोडे मोठे येतात. तीन गोळ्यांना ६ सेंटिमीटर मिळत असतील, तर दहांना साडेनऊच्या घरात धरावे. काडतुसे मोजकी असली तर एक उपाय चांगला आहे. प्रत्येक वेळी दोन-तीनच गोळ्या झाडायच्या, लॉट तोच, नेमाचा ठिपका तोच, आणि प्रत्येक खेपेचा कागद जपून ठेवायचा. वर्षभराचे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले की खरा ग्रुप दिसतो.

कागद वाचताही यावा लागतो. भोकांची ओळ उभी लागली तर दारू किंवा श्वास, आडवी लागली तर वारा किंवा चापावरचे बोट. दोन वेगळे पुंजके पडले तर स्क्रू ढिले आहेत. ली-एन्फील्डच्या वंशातल्या रायफलींना पुढचे लाकूड लांब असते. मावळातल्या पावसात ते फुगते, नळीला टेकते आणि मेमध्ये बसवलेला नेम ऑगस्टमध्ये सरकतो. नळीत तेल राहिले असेल तर पहिली गोळी भलतीकडे जाते. तिला चूक म्हणून वगळू नये, कारण शेतावर उपयोगाला येते ती पहिलीच गोळी. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी समोरच धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. काडतुसाच्या बुडातली ओली टोपी उशिरा पेटते.

.२२ चे उदाहरण : लॉट निवडण्याची कला महाराष्ट्रात खरी पाहायची तर ५० मीटरच्या नेमबाजांकडे. तिथे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आणि गोळी ५.६ मिलिमीटरची असते. एली, लापुआ असे उत्पादक रायफल बैठकीत आवळून एकेक लॉट झाडून देतात, मग नेमबाज आपल्या नळीला मानवणारा लॉट मोठ्या संख्येने घेऊन ठेवतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नील कुसाळे यांनी ४५१.४ गुणांवर कांस्य घेतले. अंतिम फेरीत दशांश गुण मोजतात, तेव्हा लॉटचा फरक गुणफलकावर उतरतो.

रानडुक्कर : रानडुकराला इतकी अचूकता लागत नाही. उसाच्या फडातून किंवा माळाच्या कडेने ते दिसते तेव्हा अंतर क्वचितच ६० मीटरच्या वर असते. खांद्यामागे, अंगाच्या खालच्या बाजूस हृदय-फुप्फुसांची जागा साधारण वीतभर रुंद असते. १०० मीटरला १० सेंटिमीटरचा ग्रुप देणारी रायफल ५० मीटरला ५ सेंटिमीटर देते, पुरेसे झाले. नर डुकराच्या खांद्यावर जाड चामड्याची ढाल असते, तिच्यासाठी जड गोळी बरी. पळणारे डुकर सेकंदाला १० मीटर जात असेल तर ५० मीटरवर गोळी पोहोचेपर्यंत ते पाऊण मीटरहून अधिक पुढे सरकते. तिथे सगळा ग्रुप वाया जातो. डुकराच्या मागे मातीचा बांध नसेल तर बार काढूच नये. खेड तालुक्यात, चाकणच्या आसपास, फडाच्या पलीकडे हल्ली कंपनीची भिंत किंवा कामगारांच्या खोल्या असतात.

कायद्याने हा प्रश्न शिकारीचा नाही, पिकाचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. मालमत्तेला किंवा पिकाला धोका झाला तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये या परवानगीची रीत ठरवून दिली. हातात बंदुकीचा परवाना आहे म्हणून डुकरावर बार काढता येत नाही, दोन कागद वेगळे.

बिबट्या : तो पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाला धोका असला तरी आधी पकडणे किंवा बेशुद्ध करणे शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री व्हावी लागते. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर तालुक्यांत, म्हणून चाचणीची दुसरीच जात महत्त्वाची ठरते. भूल देण्याची सुई हवेच्या किंवा वायूच्या दाबावर उडते, तिचा वेग गोळीच्या मानाने फार कमी. दहा-वीस मीटरच्या अंतरात थोडी चूक झाली तरी सुई पोटाखालून जाते किंवा जास्त दाबाने हाड मोडते. त्यामुळे प्रत्येक अंतराला किती दाब ठेवायचा याचा तक्ता आधी गवताच्या पेंढीवर सुया मारून बसवावा लागतो, आणि तो त्या एका बंदुकीपुरता व त्याच वजनाच्या सुईपुरता खरा असतो.