पडदा ठीक, कान साफ, तरी ऐकू कमी येतं? ऑटोस्क्लेरोसिसबद्दल जाणून घ्या

आपल्या घरांत कमी ऐकू येण्याची दोनच कारणं ठरलेली असतात: वय झालं, नाहीतर कानात मळ साचला. पण पंचविशी-तिशीतल्या बाईला हळूहळू कमी ऐकू येऊ लागलं, कान दुखत नाही, वाहत नाही आणि तपासल्यावर पडदाही चांगला दिसतो, तर? अशा वेळी डॉक्टर ऑटोस्क्लेरोसिसची शंका घेतात.

पडद्यामागे तीन छोटी हाडं असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हा शब्द अरबी 'रिकाब'वरूनच मराठीत आला. हे शरीरातलं सर्वात लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचं. आवाजाने पडदा हलला की ही हाडं हलतात आणि रिकीब ती हालचाल आतल्या कानातल्या द्रवापर्यंत पोहोचवते. या आजारात रिकिबीच्या तळाशी नको तिथे हाड वाढतं आणि ती जखडून बसते. म्हणूनच कानात कोमट तेल, लसणाचं तेल घालून काही होत नाही. तकलीफ पडद्याच्या पलीकडे आहे, तेल अलीकडेच राहतं.

याची एक खूण घरच्यांना फार गोंधळात टाकते. शादीच्या हॉलमध्ये, गोंगाटात या व्यक्तीला बऱ्यापैकी ऐकू येतं, कारण तिथे सगळेच मोठ्याने बोलतात आणि गोंगाटाचा त्रास तिला इतरांपेक्षा कमी होतो. घरी मात्र सासूने हळू हाक मारली की उत्तर नाही. मग "मतलबाचं बरोबर ऐकू येतं" असं बोललं जातं. हा सरासर अन्याय आहे. तिला स्वतःचा आवाज आत मोठा ऐकू येतो, म्हणून ती हळू बोलते. त्यालाही लोक घमेंड समजतात. अनेकांच्या कानात सतत शिट्टीसारखा आवाजही येतो.

हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो आणि बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. अम्मी, खाला किंवा मामूंना तरुणपणीच कमी ऐकू येऊ लागलं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. नात्यात लग्न झाल्यामुळेच हे होतं, असं मात्र नाही; एका बाजूचा वारसाही पुरतो. काही जणींना बाळंतपणाच्या काळात ऐकणं आणखी कमी झाल्याचं जाणवतं. रिश्ता ठरवताना मुलीचा असा त्रास लपवला जातो, हे आम्ही सगळेच जाणतो. त्यात इलाजाची वर्षं वाया जातात.

नुसतं कानात बघून निदान होत नाही. ट्यूनिंग फोर्क, ऑडिओमेट्री आणि इम्पीडन्स या तपासण्या लागतात, त्यात दुखत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे श्रवण तपासणी होते. जंगसाहेब महाराष्ट्राचे राज्यपाल होते.

त्रास थोडा असेल तर फक्त लक्ष ठेवतात. श्रवणयंत्राने चांगला फायदा होतो. दुसरा रस्ता ऑपरेशनचा. अमेरिकेचे डॉ. जॉन शी यांनी १९५६ मध्ये जखडलेली रिकीब काढून तिथे टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवली. आज बहुतेक ठिकाणी पूर्ण रिकीब न काढता तिच्या तळाला बारीक छिद्र पाडून पिस्टन बसवतात. अनुभवी सर्जनच्या हाती साधारण १० पैकी ९ जणांचं ऐकणं सुधारतं. पण १०० मध्ये एखाद्याचा तो कान पूर्ण जाऊ शकतो, म्हणून आधी जास्त बिघडलेला कान करतात आणि एकाच कानाने ऐकू येत असेल तर बहुधा ऑपरेशन टाळतात.

ऑपरेशननंतर काही दिवस चक्कर येऊ शकते, चव बदलू शकते. नाक जोरात शिंकरायचं नाही, वजन उचलायचं नाही, वजू-गुसल करताना कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. डोकं खाली वाकवायलाही मनाई असते, म्हणजे सजद्याचा प्रश्न येतो. आजारपणात बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची मुभा शरीयतने दिलेली आहे. किती दिवस, ते सर्जनला विचारा, मसला इमामसाहेबांना. विमानप्रवासही काही आठवडे टाळायला सांगतात, तेव्हा उमराहचं तिकीट काढलं असेल तर ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधीच डॉक्टरांना सांगून ठेवा.