कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर : कामगाराच्या नजरेतून

कामगारांच्या चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने व्याख्यानमालेत एका कारखानदाराचे चरित्र सांगावे, याचे आमच्या काही सोबत्यांना नवल वाटले. मालकांचे पोवाडे गायला पगारी माणसे आहेत, तुम्ही कशाला, असे एकाने तोंडावर विचारले. त्याला आम्ही इतकेच म्हणालो, की ज्याच्याशी भांडायचे त्याला समजून घेतल्याखेरीज भांडणही नीट होत नाही. आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर हे समजून घेण्याजोगे कारखानदार होते.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेत मन रमेना म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. तेथे काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत असे आढळले, तेव्हा रंग सोडून त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या धरली व पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ती शिकविलीही. परंतु त्यांना मिळायची बढती दुसऱ्याला देण्यात आली. हा अन्याय मनाला लागून त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. तेथे बंधू रामूअण्णा सायकली विकीत आणि त्या चालवायला शिकवीत. त्याच धंद्यातून पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ साली लोखंडी नांगर निघाला.

नांगर निघाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढेल, असे शेतकरी म्हणत. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. आपण वऱ्हाडातल्या मंडळींनी त्या शेतकऱ्यांना हसू नये. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर, तो नवे अवजार दहादा पारखून घेणारच. फसले तर सावकार थांबत नाही. लक्ष्मणरावांनीही शेतकरी अडाणी म्हणून धंदा गुंडाळला नाही. ते थांबले. ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याचा विश्वास आधी मिळवावा लागतो, हा धडा त्यांनी येथे घेतला असावा, असे आम्हांला वाटते.

पुढे नगरपालिकेने बेळगावची जागा सोडायला लावली. ऐन अडचणीत औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल स्टेशनाजवळचा बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. निवडुंगाने भरलेल्या, सापांच्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा घेऊन त्यांचे लोखंड वापरले. ज्या लोखंडाने एकेकाळी माणसे मारली, त्याने जमीन नांगरली.

पण आमचे लक्ष नांगरापेक्षा वसाहतीकडे अधिक जाते. लक्ष्मणरावांनी कामगारांसाठी घरे बांधली. वाडीत शिवाशीव चालू दिली नाही. गुन्हेगार म्हणून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. चोरीचा डाग लागलेल्या माणसाच्या हाती कारखान्याच्या किल्ल्या देणे, ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती; आजही नाही. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले, त्याआधीच चिरंजीव शंतनुरावांनी पुण्याला तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना काढला होता.

त्याच सुमारास इटलीतही असा एक प्रयोग झाला. आल्प्सच्या पायथ्याच्या इव्रिया गावी कामिल्लो ऑलिव्हेत्ती यांनी १९०८ साली टाइपरायटरचा कारखाना काढला. त्यांचे चिरंजीव आद्रियानो यांनी कामगारांसाठी घरे, वाचनालये, पाळणाघरे उभारली आणि पगार न कापता कामाचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवरून पंचेचाळीसवर आणला. १९६० साली आगगाडीच्या प्रवासात त्यांना मृत्यू आला. २०१८ साली इव्रियाची जागतिक वारशात नोंद झाली. टाइपरायटरचा जमाना मात्र तोवर संपला होता. इमारती वारसा झाल्या; पण चांगला मालक वारशाने मिळेलच असे नाही.

आमचे म्हणणे नेमके येथे आहे. इंग्रजांनी १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा आणला तो कापसासाठी. तेव्हापासून हजारो हातांनी येथील जिनांत सरकी वेगळी केली, गाठी बांधल्या. त्या हातांसाठी वाडी कोणी वसविली? १९३४ च्या कारखाना कायद्याने बारमाही कारखान्यात आठवड्याला चौपन्न तास ठरविले, तर जिनांसारख्या हंगामी कारखान्यात साठ. तो भेद १९४८ च्या कायद्याने मोडला व सर्वांना अठ्ठेचाळीस तास लागू झाले. तरी १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात बारमाही कामगाराला वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, तर हंगामी कामगाराला हंगामाला सातच दिवसांचा धरला गेला.

तोही मिळेल तेव्हा. एका जिनात वीस-बावीस हंगाम कापूस वाहिलेली एक बाई आमच्याकडे आली होती. फाल्गुनात नाव कटायचे, कार्तिकात नवे लागायचे. वहीत ती दरसाल नवीनच. मालक वाईट होता असे तीही म्हणेना. "लेकीच्या लग्नाला त्यानंच पैसे देल्ले," असे ती म्हणाली. पण ते पैसे उपकाराचे होते, आणि तिच्या हंगामांची नोंद हक्काची होती. उपकार मिळाला, हक्क बुडाला.

लक्ष्मणरावांना हे कळले असते, असे आम्हांला वाटते. बढती हुकली तेव्हा ते कोणाकडे मेहेरबानी मागायला गेले नाहीत. नोकरी सोडून निघाले. जिनातल्या बाईला नोकरी सोडून निघण्याची सोय नसते, म्हणून तिला वही लागते, कायदा लागतो, संघटना लागते. किर्लोस्करवाडीने मालक किती चांगला असू शकतो हे दाखविले. तो चांगला नसला तरी कामगाराचे अडू नये, एवढी तजवीज करणे हे आपले काम आहे. लक्ष्मणरावांना नमस्कार करून आम्ही ते चालू ठेवतो.