सशाचे संप्रेरकजन्य वर्तन

वयात आलेल्या पाळीव सशात लैंगिक संप्रेरकांमुळे (पहा : संप्रेरके) दिसणारे वर्तन. पाळीव ससा युरोपीय रानसशापासून आला. नाशिक जिल्ह्यातील शेतशिवारात दिसणारा भारतीय ससा वेगळ्या प्रजातीतला असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे. तो पाळता येत नाही.

हे वर्तन साधारण ४ ते ६ महिन्यांच्या वयात सुरू होते. नर मूत्राचे फवारे मारतो, माणसाच्या पायांभोवती गुरगुरत घिरट्या घालतो, हनुवटीच्या ग्रंथी वस्तूंवर घासतो. मादी पिंजऱ्याची जागा राखते, हात आत घातल्यास चावते. मादीत अंडमोचन समागमानंतर होते. गर्भ न राहिल्यास १६ ते १८ दिवसांचे आभासी गर्भारपण येते व ती स्वतःचे केस उपटून घरटे करते. मारून किंवा ओरडून यातले काहीच थांबत नाही, ससा फक्त भित्रा होतो.

खात्रीचा उपाय म्हणजे निर्बीजीकरण (पहा : खच्चीकरण). ससा ओकू शकत नाही, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी त्याला उपाशी ठेवत नाहीत. नरात त्यानंतरही काही आठवडे प्रजननक्षमता टिकते. तोवर मादी वेगळी ठेवावी. वर्तन हळूहळू निवळते. मादीत गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही टळतो. चरण्यास सतत सुके गवत, खणण्यास मातीची पेटी व मोकळी जागा दिल्यास चिडखोरपणा उतरतो.

चारा म्हणून नाशिक जिल्ह्यातील लासलगावात सहज मिळणारी कांद्याची पात मात्र सशाला विषारी आहे (पहा : कांदा).