पिट्सबर्ग : नावाचा अर्थ आणि वापर

पिट्सबर्ग : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पेनसिल्व्हेनिया राज्याचे औद्योगिक शहर. लोकसंख्या ३,०२,९७१ (२०२०). ॲलेगेनी आणि मनाँगहेला या नद्यांच्या संगमातून येथे ओहायो नदी सुरू होते. या संगमावरचा फ्रेंचांचा ड्यूकेन किल्ला नोव्हेंबर १७५८ मध्ये इंग्रजांच्या हाती आला, तेव्हा सेनापती जॉन फोर्ब्ज याने फ्रेंचांविरुद्धच्या युद्धाची सूत्रे हलवणारा ब्रिटिश मंत्री विल्यम पिट याचे नाव या ठिकाणाला दिले. व्युत्पत्ती एवढीच : पिटचे नगर. पण पिट अमेरिकेत कधी आला नाही आणि आज हे नाव ऐकून कोणालाही त्याची आठवण होत नाही. आठवते ते पोलाद. नाव ठेवणाऱ्याच्या हेतूपेक्षा ते वापरणाऱ्यांचा हक्क मोठा ठरतो, हे या शहराच्या नावाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

पहिला पुरावा स्पेलिंगचा. मराठीत आपण उच्चाराप्रमाणे लिहितो, म्हणून हा वाद आपल्या लेखनात उमटत नाही. पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एक अनुच्चारित ‘एच’ आहे आणि त्यासाठी हे शहर वीस वर्षे झगडले. फोर्ब्ज स्कॉटिश होता. एडिंबरोच्या धर्तीवर तो या नावाचाही उच्चार ‘पिट्सबरो’ असा करत असावा, असे मानले जाते. १८९० मध्ये स्थापन झालेल्या भौगोलिक नामांच्या संघीय मंडळाने ‘बर्ग’ने संपणाऱ्या सर्व नावांतील शेवटचा ‘एच’ गाळण्याचा नियम केला आणि पिट्सबर्गही त्यात सापडले. सरकारी कागदपत्रांत नवे रूप आले, रेल्वे स्थानकाच्या नक्षीतही ते कोरले गेले. विद्यापीठाने आणि अनेक रहिवाशांनी मात्र जुने रूप सोडले नाही. अखेर १९ जुलै १९११ रोजी मंडळाने ‘एच’ परत दिला. टपाल आणि नकाशे यांसाठी एकरूपता लागते, म्हणून मंडळाची बाजू अगदीच लंगडी नव्हती. पण एकरूपता साधायची ती एकाच गावाच्या नावात. शेकडो वेगवेगळ्या गावांची नावे एका साच्यात बसवल्याने टपाल लवकर पोहोचत नाही.

वापरणाऱ्यांचा हक्क मोठा, या मताविरुद्ध एक वजनदार आक्षेप आहे. ॲलेगेनी नदीच्या पलीकडच्या काठावर ॲलेगेनी याच नावाचे स्वतंत्र शहर होते. तेथील बहुसंख्य मतदारांचा विलीनीकरणाला विरोध होता, परंतु दोन्ही शहरांची मते एकत्र मोजली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०७ मध्ये ॲलेगेनी पिट्सबर्गमध्ये मिसळले. मग वापरणाऱ्यांचा हक्क कुठे गेला? हा अन्याय होता, हे मान्यच केले पाहिजे. पण कायद्याने नगरपालिका संपवली, नाव नव्हे. तेथील जुनी बाग आजही ‘ॲलेगेनी कॉमन्स’च आहे.

दुसरा पुरावा नावाच्या सामान्यनाम होण्याचा. परिसरातील कोळसा, नद्यांवरची वाहतूक आणि अँड्र्यू कार्नेगीने १८७५ मध्ये ब्रॅडक येथे सुरू केलेला पोलाद कारखाना यांमुळे ‘पिट्सबर्ग’ म्हणजे भट्ट्यांचे गाव, असा अर्थ रूढ झाला. कॅलिफोर्नियातील ‘ब्लॅक डायमंड’ या कोळशाच्या गावी पोलादउद्योग आला, तेव्हा १९११ मध्ये त्या गावाने हेच नाव घेतले. त्याचे स्पेलिंग आजही ‘एच’विनाच आहे. जमशेदपूरला ‘भारताचे पिट्सबर्ग’ म्हणतात, तेही याच अर्थाने. शिवाय टाटांच्या तेथील पोलाद प्रकल्पाच्या आरंभीच्या आखणीत पिट्सबर्गचे अभियंते ज्युलियन केनेडी यांचा सल्ला होता, म्हणजे हे केवळ उपमेचे नाते नाही.

पोलाद ओसरल्यावर हा अर्थ कालबाह्य झाला, असे म्हटले जाते. होमस्टेडचा प्रचंड कारखाना १९८६ मध्ये बंद पडला, १९५० मध्ये पावणेसात लाखांवर असलेली लोकसंख्या निम्म्याहून कमी झाली आणि आता रुग्णालये व विद्यापीठे हेच मोठे रोजगारदाते आहेत. परंतु होमस्टेड आणि ब्रॅडक ही दोन्ही गावे भरभराटीच्या काळातही शहराच्या हद्दीबाहेरच होती. जगाने ‘पिट्सबर्ग’ म्हटले ते पहिल्यापासून मनाँगहेलाच्या साऱ्या खोऱ्याला उद्देशून. नगरपालिकेच्या लोकसंख्येवरून त्या नावाचे आयुष्य मोजणे म्हणूनच चुकीचे आहे. ब्रॅडकच्या कारखान्यात पोलाद आजही तयार होते.