महावितरणमध्ये अप्रेंटिस म्हणजे नेमकं काय? आयटीआय, डिप्लोमा झालेल्या पोरापोरींनी फॉर्म भरण्याआधी हे वाचा

दहावी-बारावी झाली, आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड केला. आता पुढं काय? गावात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, "एमएसईबीत अप्रेंटिस कर." पण त्या एका वर्षात काय शिकवतात, पैसे किती मिळतात, नोकरी पक्की होते का आणि खांबावर चढायचं की नाही, हे फॉर्म भरण्याआधी फार कमी जणांना माहीत असतं. म्हणून ही सविस्तर माहिती.

एमएसईबी आता कुठंय?

लोक अजून एमएसईबीच म्हणतात, पण जून २००५ मध्ये मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. वीज तयार करते ती महानिर्मिती, मोठ्या मनोऱ्यांवरून वाहून नेते ती महापारेषण आणि घरात, मळ्यात पोचवते ती महावितरण. तिन्ही ठिकाणी अप्रेंटिस घेतात. तालुक्यातल्या पोरांचा संबंध जास्त येतो तो महावितरणशी, कारण तिचं शाखा कार्यालय आणि ३३/११ केव्ही उपकेंद्र जवळपास असतं.

फॉर्म कुठं भरायचा?

आयटीआयवाल्यांनी 'अप्रेंटिसशिप इंडिया' या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवायचं. डिप्लोमा आणि डिग्रीवाल्या इंजिनिअरांसाठी 'नॅट्स' हे वेगळं पोर्टल आहे. नोंदणीला पैसे लागत नाहीत. जागा निघाल्या की जाहिरातीत दिलेल्या तारखेच्या आत अर्ज करायचा आणि सांगितलेली कागदपत्रं द्यायची. निवड बहुतेक वेळा मार्कांच्या यादीवर होते. "साहेब ओळखीचे आहेत, एवढे द्या, लावून देतो" असं कुणी म्हणालं, तर सरळ रामराम करा.

पोर्टलवर आधार, बँक खातं आणि मार्कशीट यावरचं नाव एकसारखं हवं. नावात फरक असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या, नाहीतर करार आणि पैसे दोन्ही अडकतात.

पैसे किती?

याला पगार नाही, विद्यावेतन म्हणतात. २०१९ च्या नियमांत आयटीआयला महिना किमान ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि डिग्रीला ९,००० रुपये ठरवले होते. ही किमान रक्कम आहे आणि वेळोवेळी बदलते, त्यामुळे तुमच्या जाहिरातीतला आकडा बघा. गावापासून कार्यालय लांब असेल तर गाडीच्या पेट्रोलचा हिशोब आधीच मांडा.

वर्षभर काय शिकायला मिळतं?

कॉलेजात मोटार आणि ट्रान्सफॉर्मर फळ्यावर असतो, इथं तो गुणगुणत समोर उभा असतो. उपकेंद्रात ३३ केव्हीची वीज येते, पॉवर ट्रान्सफॉर्मर तिची ११ केव्ही करतो आणि फीडर गावोगाव निघतात. गावातल्या डीपीवर ती ४३० व्होल्टच्या आसपास उतरते. तीन फेज मोटारीला, एक फेज न्यूट्रल घराला. हे सगळं एकदा फीडरवर चालत जाऊन पाहिलं की पुस्तक आपोआप कळतं.

आयटीआयची पोरं डीओ फ्यूज, एबी स्विच, जंपर, इन्सुलेटर, अर्थिंग, मीटर जोडणी हे शिकतात. इंजिनिअर अप्रेंटिस डीपीवर किती लोड आहे, किती एचपीच्या मोटारी जोडल्यात, १०० केव्हीएचा डीपी का जळतो, नवीन लाइनचं एस्टिमेट कसं करतात हे बघतात. बिलिंग आणि तक्रारींचं कामही वाट्याला येतं. काहींना ते कंटाळवाणं वाटतं, पण ग्राहकाशी कसं बोलायचं ते तिथंच कळतं.

खरी शाळा पावसाळ्यात. पहिल्या वळवाला फांदी तारेवर पडते, इन्सुलेटर फुटतो, फीडर ट्रिप होतो आणि चार गावं अंधारात. फॉल्ट शोधायला लाइनचे तुकडे करत जावं लागतं. एक भाग वेगळा करायचा, चालू करून बघायचं, मग पुढचा. ओल्या रानातून हे करणाऱ्या जनमित्राबरोबर फिरलं की वीज का उशिरा येते ते समजतं.

सर्वात महत्त्वाचं : परमिट आणि जीव

लाइनवर काम करायचं तर उपकेंद्रातल्या यंत्रचालकाकडून परमिट घ्यावं लागतं. क्रम असा :

१. फीडरचा ब्रेकर बंद, आयसोलेटर उघडा.
२. जिथं काम आहे तिथं लाइन मेलेली आहे का, हे टेस्टरनं तपासायचं.
३. कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉडनं अर्थिंग करायचं.
४. हेल्मेट, हातमोजे, सेफ्टी बेल्ट घालूनच वर चढायचं.
५. काम झाल्यावर सगळी माणसं खाली, अर्थिंग काढायचं आणि ज्यानं परमिट घेतलं त्यानंच परत करायचं.

लाइन बंद आहे म्हणजे ती मेलेली आहे असं नाही. कुणाच्या घरातला जनरेटर चेंजओव्हर न लावता चालू असेल तर वीज उलटी लाइनवर येते. वरून दुसरी लाइन जात असेल तरी धोका. म्हणून अर्थिंग केल्याशिवाय हात लावायचा नाही, मग घाई कितीही असो.

अप्रेंटिस हा शिकणारा आहे. त्यानं एकट्यानं लाइनवर काम करायचं नाही, शिकवणारा माणूस सोबत हवाच. गावात 'झिरो वायरमन' नावाचा प्रकार आपल्याला माहीत आहे. कागदावर कुठंच नसलेला पोरगा दोनशे-पाचशे रुपयांसाठी डीपीवर चढतो, आणि काही झालं तर त्याच्या घरच्यांच्या हाती कागद नसतो. अप्रेंटिसनं त्या वाटेला जाऊ नये. "मी अजून शिकतोय, परमिटशिवाय चढणार नाही" असं म्हणण्यात कमीपणा नाही. आणि गावकऱ्यांनीही पाणी भरायचंय म्हणून पोराला खांबावर चढवू नये. एक रात्र पिकाला पाणी कमी मिळालं तर चालतं, गेलेला पोरगा परत येत नाही.

कायदा काय म्हणतो?

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. त्यानुसार करार होतो आणि त्याची नोंद होते, त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. शिकताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर, म्हणजे कंपनीवर असते. परवानगीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. धोक्याच्या उद्योगातल्या ट्रेडसाठी वय किमान १८ लागतं.

नोकरी पक्की होते का?

स्पष्ट सांगायचं तर नाही. अप्रेंटिस संपली म्हणजे कायम केलंच पाहिजे असं कायद्यात नाही. विद्युत सहाय्यकाची भरती निघते तेव्हा पुन्हा अर्ज करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या एका निकालात म्हटलं आहे, की बाकी सगळं सारखं असेल तर शिकाऊ उमेदवारी केलेल्याला प्राधान्य द्यावं. म्हणून भरतीच्या जाहिरातीत अप्रेंटिससाठी वेगळ्या जागा आहेत का ते नीट वाचा. आयटीआयवाल्यांनी शेवटची परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र नक्की घ्या. सौर प्रकल्प, कारखाने, साखर कारखान्यांची वीजनिर्मिती, ठेकेदार यांच्याकडेही हा अनुभव कामाला येतो.

पोरापोरींनी लक्षात ठेवायचं

• रोज काय काम केलं ते वहीत लिहा, परीक्षेला आणि मुलाखतीला तेच विचारतात.
• हजेरी चुकवू नका, विद्यावेतन त्यावरच आहे.
• जुन्या लाइनमन दादांना प्रश्न विचारा, त्यांना खांबाखांबाचा इतिहास पाठ असतो.
• मुलींनीही मागं राहू नये. महावितरणमध्ये खांबावर चढून काम करणाऱ्या महिला जनमित्र आज आहेत.
• तुटलेली तार दिसली तर हात लावू नका, कुणाला जवळ जाऊ देऊ नका आणि १९१२ वर फोन करा.